घटक ६ : ‘एकच प्याला’ – व्यवसाय, प्रेम आणि स्त्री-पुरुष भूमिका

६.० उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• राम गणेश गडकरी यांच्या अखेरच्या नाट्यलेखनाचा सावनेरशी असलेला संबंध सांगता येईल.
• ‘एकच प्याला’ या नाटकातील व्यावसायिक अपमान, अहंकार आणि दांपत्यजीवन यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• प्रेम, स्पर्धा आणि सत्ता एकाच कामाच्या ठिकाणी एकत्र आल्यावर निर्माण होणारे ताण नाटकातील उदाहरणांनी विशद करता येतील.
• मराठी रंगभूमी हे स्वतःच एक कार्यस्थळ होते, हे लक्षात घेऊन तिच्यातील स्त्री-पुरुष सहकाराचे विवेचन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण संगीत नाटकाची जडणघडण आणि गडकऱ्यांची भाषाशैली यांचा परिचय करून घेतला. ‘एकच प्याला’ हे नाटक आपण सर्वसाधारणपणे मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून ओळखतो. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास नाटकातील एक महत्त्वाचा प्रश्न हातातून निसटतो. सुधाकर पहिला प्याला घेतो तो तहानेने नव्हे, चैनीसाठीही नव्हे. व्यवसायात झालेला अपमान त्याला सहन होत नाही, म्हणून तो घेतो. त्या अपमानाची किंमत मात्र त्याच्या घरातील स्त्री चुकती करते. असे का घडते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण नोकरी, व्यवसाय वा घरकाम सांभाळून हे अध्ययन करीत आहात. एकाच कचेरीत, शाळेत वा रुग्णालयात काम करणारी दोन माणसे एकमेकांच्या प्रेमात पडतात; पुढे दोघांपैकी एकाला बढती मिळते, दुसऱ्याला मिळत नाही; बढती मिळालेली व्यक्ती स्त्री असेल, तर सभोवतालची मंडळी वेगळ्या नजरेने पाहू लागतात. हा अनुभव आपणांस अपरिचित नसावा. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकात आणि ते नाटक सादर करणाऱ्या मंडळींच्या जीवनात हाच प्रश्न कोणत्या रूपाने उभा होता, ते आता पाहू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सावनेर आणि गडकऱ्यांचे अखेरचे लेखन

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, आजच्या मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ ते वसले आहे. गडकऱ्यांच्या काळात हा सर्व प्रदेश मध्य प्रांतात मोडत असे. २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे जन्मलेले आणि पुण्यात वाङ्मयीन कीर्ती मिळविलेले गडकरी क्षयाने जर्जर झाल्यावर सावनेरला आले. २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

मृत्यूच्या उंबरठ्यावर असतानाही ‘भावबंधन’ या नाटकाचे लेखन त्यांनी तडीस नेले. ‘एकच प्याला’ लिहून झाले होते. परंतु त्याचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या निधनानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांनी, तर सिंधूची भूमिका बालगंधर्व यांनी केली. ‘भावबंधन’ त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. मराठी मनावर आदर्श पत्नी म्हणून कोरली गेलेली सिंधू प्रथम एका पुरुष नटाने साकार केली. या वस्तुस्थितीकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

६.२.२ सनद, प्रतिष्ठा आणि पौरुष

सुधाकर हा बुद्धिमान, स्वकर्तृत्वावर पुढे आलेला आणि विलक्षण मानी वकील आहे. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. शिक्षा कायमची नाही. पोटाचा प्रश्नही लगेच उभा राहत नाही, कारण सिंधूचे माहेर श्रीमंत आहे. तरीही सुधाकर कोलमडतो. ज्या ठिकाणी आपण श्रेष्ठ आहोत असे त्याला वाटत होते, त्याच ठिकाणी आपल्याहून सुमार माणसांसमोर त्याची मानखंडना होते. नेमक्या या क्षणी तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो.

सुधाकराची आत्मप्रतिष्ठा संपूर्णपणे व्यवसायातील यशावर उभी आहे. घर, पत्नी, बहीण, मित्र यांपैकी कशालाही त्याच्या लेखी स्वतंत्र आधाराचे मोल नाही. व्यवसायात हार झाली की पुरुष म्हणून आपण हरलो, असे हे समीकरण आहे. ते सुधाकराने एकट्याने घडविलेले नाही. पुरुषाने मिळवावे आणि स्त्रीने सांभाळावे, या समाजरीतीने ते त्याच्या हाती दिले आहे. म्हणूनच सासऱ्याचा पैसा त्याला आधार न वाटता अपमान वाटतो.

सिंधूची बाजूही या समीकरणाशी जोडून वाचावी. माहेरच्या पैशाला स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा ती करते आणि दळणकांडण करून संसार चालविते. येथे एक विसंगती दिसते. घरातील कमावती व्यक्ती आता सिंधू आहे. परंतु तिच्या कमाईला कमाई म्हणण्यास ना पती तयार आहे, ना समाज, ना ती स्वतः. जात्यावरचे तिचे श्रम ‘त्याग’ या नावाने गौरविले जातात. श्रमाला त्याग म्हटले की मोबदल्याचा आणि अधिकाराचा प्रश्न उरत नाही. पतीच्या अभिमानाला धक्का लागू नये म्हणून स्वतःची कर्तबगारी लपविणे ही अपेक्षा आजच्या नोकरदार स्त्रीकडूनही केली जाते की नाही, याचा आपण विचार करावा.

तळीरामाची पत्नी गीता ही सिंधूच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी व्यक्तिरेखा आहे. ती तोंडाने फटकळ आहे, नवऱ्याचे दोष बोलून दाखविते आणि अन्याय निमूटपणे सोसत नाही. नाटककाराची सहानुभूती सिंधूकडे झुकलेली असली, तरी गीतेच्या तोंडी येणारे रोखठोक बोल प्रेक्षकाला अंतर्मुख करतात. आदर्श आणि प्रतिवाद या दोन्ही बाजू गडकऱ्यांनी एकाच नाटकात ठेवल्या आहेत.

६.२.३ गुरू, शिष्या आणि सहकारी : रामलाल, शरद, भगीरथ

‘एकच प्याला’मधील उपकथानक पुष्कळदा दुर्लक्षित राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ते अत्यंत मोलाचे आहे. रामलाल हा सुधाकराचा विलायतेहून परतलेला, सुधारक वृत्तीचा मित्र. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्या शिक्षणाची जबाबदारी तो घेतो. भगीरथ हा व्यसनात सापडलेला तरुण रामलालच्या आधाराने सावरतो आणि त्याच्या कार्यात सहभागी होतो. शरद आणि भगीरथ यांच्यात प्रीती निर्माण होते. त्याच सुमारास, ज्या मुलीला आपण कन्येसमान मानतो, तिच्याविषयी आपल्याच मनात अभिलाषा जागी झाल्याचे रामलालला उमगते. भगीरथाबद्दल त्याला मत्सर वाटू लागतो.

येथे तीन नाती एकमेकांत गुंतलेली आहेत : शिकविणारा आणि शिकणारी, उपकारकर्ता आणि उपकृत, वडीलधारा सहकारी आणि तरुण सहकारी. तिन्ही नात्यांत सत्तेचे माप रामलालच्या बाजूला अधिक आहे. शरद विधवा आहे, आश्रित आहे. भगीरथ त्याच्या ऋणात आहे. रामलालने मनात आणले असते, तर ‘समाजसुधारणा’ या नावाखाली विधवाविवाहाचा मान स्वतःकडे घेणे त्याला अवघड नव्हते. गडकरी हा मोह झाकून ठेवत नाहीत. रामलालच्या आत्मपरीक्षणातून ते त्याची झाडाझडती घेतात आणि अखेर त्याला मागे सरावयास लावतात.

सुधाकर आणि रामलाल यांची तुलना या ठिकाणी उद्बोधक ठरते. दोघेही बुद्धिमान, दोघांचाही अहंकार दुखावला जातो. सुधाकर त्या दुखावलेपणाला वाट करून देतो. रामलाल त्याची तपासणी करतो. नाटकाची नैतिक रचना जशी मद्याच्या प्रश्नावर आधारली आहे, तशीच ती या भेदावरही आधारली आहे.

६.२.४ घनश्याम आणि लतिका

सावनेर येथे पूर्ण झालेल्या ‘भावबंधन’मध्ये दुखावलेल्या पुरुषी अहंकाराचे तिसरे रूप दिसते. लतिकेने केलेल्या उपहासाने घायाळ झालेला घनश्याम सूड घेण्याचे ठरवितो. तिच्या वडिलांना कागदपत्रांच्या पेचात पकडून तो लतिकेला विवाहास भाग पाडू पाहतो. ‘मी तिला आवडलो नाही’ या साध्या वस्तुस्थितीचे रूपांतर तो ‘तिने माझा अपमान केला’ या आरोपात करतो, आणि मग हाती असलेली व्यवहारातील सत्ता प्रेमाच्या क्षेत्रात वापरतो.

आजच्या परिभाषेत यास प्रेम म्हणत नाहीत, जबरदस्ती म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१३ साली आपल्या देशात कायदा झाला. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असणे त्यानुसार बंधनकारक आहे. परस्परसंमतीचे प्रेम हा या कायद्याचा विषय नाही. नकार मान्य न करता पदाचा वा अधिकाराचा दबाव आणणे हा आहे. हा भेद ध्यानी ठेवल्यास घनश्यामाची व्यक्तिरेखा केवळ ‘खलनायक’ या शिक्क्यापलीकडे जाऊन वाचता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. गडकऱ्यांचे निधन कोठे व केव्हा झाले?
२. सुधाकराच्या अधःपतनाचे तात्कालिक कारण कोणते?
३. रामलालच्या मनात कोणाविषयी मत्सर निर्माण होतो?

६.२.५ रंगभूमी : एक कार्यस्थळ

आतापर्यंत आपण नाटकातील जगाचा विचार केला. आता नाटक उभे करणाऱ्या जगाकडे वळू. संगीत नाटकाच्या काळातील नाटक मंडळी ही एक फिरती संस्था होती. नट, गायक, साथीदार, रंगपट सांभाळणारे आणि आचारी असा मोठा परिवार बिऱ्हाडासह गावोगाव फिरे. पगार, कर्ज, भूमिकांचे वाटप आणि त्यावरून होणारे रुसवेफुगवे हे तिचे नित्याचे व्यवहार होते. गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाच मुळी १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडल्यामुळे झाली.

या कार्यस्थळावर स्त्रीभूमिका हे पुरुषांचे काम होते. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगमंचावर येऊ नये, हा दंडक होता. केवळ स्त्रियांच्या अशा काही मंडळी अस्तित्वात होत्या; परंतु त्यांना समाजमान्यता नव्हती. आदर्श स्त्री कशी चालते, बोलते, नेसते, याचा वस्तुपाठ प्रेक्षकांनी बालगंधर्वांकडून घेतला. स्त्रीत्व ही शिकता आणि सादर करता येणारी कला आहे, हे त्यातून नकळत सिद्ध झाले. मात्र प्रत्यक्ष स्त्रीला ती कला व्यवसाय म्हणून स्वीकारण्यास मज्जाव राहिला.

१९२० नंतरच्या दशकात परिस्थिती बदलू लागली. हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. त्यात ज्योत्स्ना भोळे यांची भूमिका होती. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा विचार रुजू लागला. याचाच अर्थ, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांना प्रथमच खरी स्पर्धा निर्माण झाली.

६.२.६ कमलाबाई आणि रघुनाथराव गोखले

कमलाबाई या दुर्गाबाई कामत यांच्या कन्या. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात या मायलेकींनी भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री म्हणून त्यांची नोंद होते. पुढे चित्ताकर्षक नाटक मंडळीत काम करीत असताना तेथील गायक-नट रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला. एकाच मंडळीत, एकाच रंगमंचावर काम करणारे हे दांपत्य होते.

रघुनाथरावांचे अकाली निधन झाले, तेव्हा कमलाबाई ऐन तारुण्यात होत्या आणि पदरी लहान मुले होती. त्या काळी विधवेने घरात कोपऱ्यात बसावे, ही रीत. कमलाबाईंनी मात्र रंगभूमी सोडली नाही. स्त्रीभूमिकांबरोबर पुरुषभूमिकाही केल्या आणि मुलांना वाढविले. अभिनेते चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव, तर विक्रम गोखले हे नातू. सिंधूचे जाते आणि कमलाबाईंचा रंगमंच यांची तुलना करा. दोघींचेही श्रम संसारासाठीच आहेत. परंतु कमलाबाईंचे श्रम व्यवसाय म्हणून उघडपणे केलेले आहेत, त्यांना मोबदला आहे आणि त्यांवर त्यांचे स्वतःचे नाव आहे.

६.२.७ बालगंधर्व आणि गोहरबाई

१९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात बोलपटाच्या लाटेपुढे आणि कर्जाच्या ओझ्याखाली गंधर्व नाटक मंडळी डबघाईस आली. बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. परंतु चित्रपटात ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. या परतीच्या काळात गोहरबाई कर्नाटकी या गायिका-अभिनेत्री त्यांच्या मंडळीत दाखल झाल्या. प्रसिद्ध पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांनी कसून अभ्यास केला होता.

बालगंधर्वांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकले होते. ज्या स्त्रीभूमिकांनी त्यांना कीर्ती दिली, त्या करण्यासाठी आता एक स्त्री त्यांच्या शेजारी उभी होती. ती त्यांची शिष्या होती, सहकारी होती आणि पुढे सहचारिणीही झाली. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९५१ साली, त्यांनी विवाह केला. गोहरबाईंचे निधन १९६४ साली, तर बालगंधर्वांचे १५ जुलै १९६७ रोजी झाले.

या दोघांच्या अंतरंगात काय चालले होते, यावर तर्क करणे हे आपले काम नाही. सार्वजनिक प्रतिसाद मात्र आपण तपासू शकतो. पुरुषाने केलेले स्त्रीचे काम ज्या प्रेक्षकांनी दैवी मानले, त्यांतील अनेकांना तेच काम प्रत्यक्ष स्त्रीने करणे रुचले नाही. गोहरबाईंची तुलना सतत बालगंधर्वांच्या ऐन उमेदीशी केली गेली. मंडळीची उतरती कळा त्यांच्या येण्यापूर्वीच सुरू झाली होती. तरीही तिचे खापर पुष्कळांनी त्यांच्या माथी फोडले. त्या मुसलमान होत्या, गाण्याच्या पेशातील होत्या आणि स्त्री होत्या, या तिन्ही गोष्टींचा भार त्या टीकेत होता. बोलपट, कर्ज आणि वय ही कारणे अमूर्त असतात. दोष देण्यासाठी समोर दिसणारी बाई सोपी पडते.

सिंधू आणि गोहरबाई यांना येथे एकत्र ठेवून पाहा. पुरुषाच्या व्यवसायातील अपयशाची झळ एकीने मुकाट सोसली म्हणून ती देवी ठरली. दुसरीने त्याच व्यवसायात पुढे होऊन काम मागितले म्हणून ती दोषी ठरली. दोन्ही निवाड्यांमागील फूटपट्टी एकच आहे.

६.२.८ वाचकाने घ्यावयाची काळजी

या विषयाचे विवेचन करताना दोन टोके टाळावीत. पहिले टोक म्हणजे आजचे मापदंड लावून गडकऱ्यांना प्रतिगामी ठरवून मोकळे होणे. गीता, शरद आणि रामलाल यांच्याकडे पाहिल्यास हा निष्कर्ष उथळ ठरतो. दुसरे टोक म्हणजे सिंधूच्या सहनशीलतेने भारावून तिच्या दुःखाची कारणे न विचारणे. करुणरसाचा आस्वाद आणि चिकित्सा यांत विरोध नाही. सिंधूसाठी डोळे पाणावणारा वाचकच तिच्यावर ही वेळ का आली, हा प्रश्न अधिक तळमळीने विचारू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ‘एकच प्याला’तील सिंधूची भूमिका प्रथम ________ यांनी केली.
२. कमलाबाई गोखले यांनी ________ या चित्रपटात भूमिका केली.
३. नाट्यमन्वंतरने १९३३ साली ________ हे नाटक सादर केले.

६.३ समारोप

‘एकच प्याला’ हे व्यसनाचे नाटक आहे, तसेच ते व्यवसायातील यशावर बेतलेल्या पुरुषी प्रतिष्ठेचेही नाटक आहे. सुधाकर, रामलाल आणि घनश्याम ही दुखावलेल्या अहंकाराची तीन वळणे आहेत : विनाश, आत्मपरीक्षण आणि सूड. नाटक सादर करणाऱ्या रंगभूमीवरही प्रेम, स्पर्धा आणि स्त्री-पुरुष अपेक्षा यांचा हाच गुंता होता. सहकाऱ्यावर प्रेम करणे अवघड नसते. त्याच्या वा तिच्या कर्तृत्वाला जागा करून देणे अवघड असते. ही जागा स्त्रीने नेहमीच गृहीतपणे द्यावी आणि पुरुषाने दिली तर ते औदार्य ठरावे, ही विषमता सावनेरला गडकऱ्यांची लेखणी थांबल्यानंतर शतक उलटले तरी संपलेली नाही. म्हणूनच हे नाटक आजही अभ्यासनीय आहे.

६.४ शब्दार्थ

सनद – वकिली करण्याचा अधिकृत परवाना
मुन्सफ – कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश
मानखंडना – अपमान, मानहानी
रंगपट – नटांची रंगभूषा व वेशभूषा करण्याची जागा
डबघाईस येणे – आर्थिक दृष्ट्या खालावणे
सहचारिणी – जीवनातील जोडीदार स्त्री

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी. (२) मुन्सफाशी झालेल्या वादामुळे सनद काही काळासाठी रद्द होऊन झालेला अपमान. (३) भगीरथाविषयी.
प्रश्न २ : (१) बालगंधर्व (२) मोहिनी भस्मासुर (३) आंधळ्यांची शाळा

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सुधाकराचे मद्यपान हे कारण नसून परिणाम आहे.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
२. सिंधू आणि गीता या व्यक्तिरेखांची तुलना करा.
३. रामलालच्या अंतःसंघर्षातून सत्ता आणि प्रेम यांचे नाते कसे व्यक्त होते, ते लिहा.
४. टिपा लिहा : (अ) स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट (आ) कमलाबाई गोखले (इ) घनश्यामाचा सूड

६.७ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या परिसरातील एकाच क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या दांपत्याची त्यांच्या संमतीने मुलाखत घ्या. बदली, बढती व घरकामाची वाटणी याविषयी दोघांना स्वतंत्रपणे तेच प्रश्न विचारा आणि उत्तरांतील फरक नोंदवा. नावे अहवालात लिहू नयेत.
२. आपल्या गावातील हौशी नाट्यमंडळात, दंडारीत वा झाडीपट्टीच्या नाटकात स्त्रीभूमिका कोण करीत असे आणि आज कोण करते, याविषयी ज्येष्ठ कलावंतांकडून माहिती मिळवून चार पानी अहवाल तयार करा.